एक त्याचा, एक तिचा

पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात तिसरं माणूस आलं की आपल्याकडे नातेवाईक दोनच सल्ले देतात. सोडून दे, नाहीतर मुलांकडे बघून मिटवून घे. दुसरा सल्ला बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतो. मिटवणं वेगळं आणि समेट वेगळा, हे मला फार उशिरा कळलं.

दंडविधानातलं ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. कलम मोठं अजब होतं. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पण फिर्याद करायची त्या बाईच्या नवऱ्यानं. घरी बसलेल्या त्याच्या स्वतःच्या बायकोला फिर्यादीचा हक्कच नव्हता! म्हणजे तिच्यासाठी पोलिसांचं दार तेव्हाही बंद होतं, आजही बंदच आहे. राहता राहिला घटस्फोट, किंवा समेट.

समेटाची रीत कुराणातल्या सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत आहे. नवराबायकोत फूट पडेल असं वाटलं तर एक पंच त्याच्या घरचा नेमा, एक तिच्या घरचा. ही केवळ वाजमध्ये ऐकून सोडायची गोष्ट नाही. लातूरच्या दगडू पठाण खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं औरंगाबादला २००२ साली निकाल दिला, की नवऱ्यानं नुसतं ‘तलाक दिला’ म्हणून भागत नाही. त्याआधी पंचांमार्फत समेटाचा प्रयत्न झाला होता, हेही त्यानं सिद्ध केलं पाहिजे.

नांदेडला एका मित्रानं मला असंच आपल्या बाजूनं बसवलं. अठ्ठावीस वर्षांचा संसार. भुसाराच्या सौद्यासाठी म्हणून तो लातूरला मुक्काम करायचा. सौदे थोडे, मुक्काम जास्त. तिच्या बाजूनं तिचा थोरला भाऊ होता. मी माफीवर चार गोड वाक्यं तयार करून नेली होती. भाभी म्हणाल्या, “भाईजान, हे मुशायऱ्यात म्हणा.”

त्यांचं मागणं एवढंच होतं, की किती वेळा खोटं बोललात ते माझ्या भावासमोर सांगा. मित्र म्हणाला, झालं गेलं. त्या उठून आत गेल्या. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्या संध्याकाळी मात्र तो बोलला, थांबत थांबत, जवळजवळ तासभर. आम्ही दोघं पंच नुसते ऐकत होतो. खरं तर पंचाचं निम्मं काम तेच असावं. आपण मात्र निवाडा द्यायच्या घाईत असतो.

भाभींनी माफ केलं नाही. “घरात राहा,” एवढंच म्हणाल्या. वर्षभर त्याचं अंथरूण बैठकीत होतं.

आता त्याला लातूरचं काम निघालं की तो सकाळच्या एसटीनं जातो आणि रात्री जेवायला घरी असतो. त्या काही विचारत नाहीत. तिकिटं मात्र तो ताटाशेजारी काढून ठेवतो.