मलमाने कातडी पातळ का होते?

कुत्र्याला खाज सुटली, की घरात पडलेली माणसाची मलमाची नळी त्यालाही लावायची, हे प्रवराकाठच्या कोल्हारात घडेल तसेच मुंबईतही घडेल. दोन दिवसांत खाज थांबते. मग बिघडते कोठे?

अशा अनेक मलमांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवतात. ही औषधे त्याचीच जोरकस भावंडे. या ग्रंथींच्या संप्रेरकांवरील संशोधनाला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. स्टेरॉइड दाह शमवते. पण त्याचबरोबर बाह्यत्वचेतील पेशींचे विभाजन आणि खालच्या थरातील कोलॅजनची निर्मितीही मंदावते. हौदाची मोरी उघडी आणि नळ मात्र बारीक झाला, तर पाण्याची पातळी उतरणारच! कातडीचेही तसेच होते.

त्यात कुत्र्याची बाह्यत्वचा माणसापेक्षा मुळातच पातळ. आठवडेच्या आठवडे मलम चोळले, तर केस गळतात, काळे ठिपके उठतात, आतल्या शिरा दिसू लागतात आणि साध्या ओरखड्यानेही कातडी फाटते. शिवाय कुत्रा मलम चाटतो, म्हणजे औषध पोटातही जाते. खाज खरजेच्या किड्यांमुळे किंवा बुरशीमुळे असेल, तर ती तेवढी दबते आणि रोग फैलावतो.

मग स्टेरॉइड वाईट का? मुळीच नाही. पशुवैद्याने सांगितलेले औषध, सांगितले तितकेच दिवस वापरले, तर ते गुणकारीच आहे. तेव्हा नळीचे टोपण उघडण्यापूर्वी तिच्यावरील औषधाचे नाव वाचा. स्वतःच्या चेहऱ्याला लावतानासुद्धा!