विज्ञान शाखेच्या वाटा (6) : सीईटी की जेईई?

बहुतेक घरांत हा प्रश्न उलट्या टोकाने सुटतो. आधी क्लास ठरतो, क्लासवाले परीक्षा ठरवतात आणि कॉलेज मग मिळेल ते. खरं तर आधी दोनच गोष्टी बघायच्या : हव्या त्या जागा कोणत्या परीक्षेवर भरतात आणि फीची सवलत कुठल्या प्रवेशाला लागू होते.

पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद इथल्या बहुतेक जागा एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर जातात. नागपूरच्या व्हीएनआयटीला जेईई मेन लागते. तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांसाठी असतात. माटुंग्याच्या आयसीटीत केमिकल इंजिनीअरिंगसाठी दोन्ही चालतात, 70 टक्के सीईटीवर आणि 30 टक्के जेईईवर. आयआयटीसाठी मेनमधून पहिल्या अडीच लाखांत येऊन अ‍ॅडव्हान्स्ड द्यावी लागते.

‘जेईईची तयारी केली की सीईटी आपोआप होते’ हे क्लासच्या पत्रकातलं वाक्य मला अर्धंच पटतं. अभ्यासक्रम बराच सारखा आहे, सवयी मात्र वेगळ्या. जेईई मेनमध्ये तीन तासांत 75 प्रश्न, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 वजा. त्यामुळे शंका आली की प्रश्न सोडायला मूल शिकतं. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत उरकायचे, म्हणजे एकाला 54 सेकंद. पुढच्या 90 मिनिटांत गणिताचे 50, प्रत्येकी 2 गुणांचे. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून इथे प्रश्न सोडणं हाच तोटा. शिवाय सुमारे 20 टक्के भार अकरावीचा, आणि राज्य मंडळाची पुस्तकं न उघडताच दोन वर्षं काढणारी मुलं काही कमी नाहीत. राज्य मंडळाच्या साधारण हुशार मुलाने सीईटी मुख्य धरावी आणि जेईई मेनचं जानेवारीचं सत्र देऊन बघावं, असं माझं मत. एप्रिलमध्येही बसलं तर दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात.

आता पैशाचं. चांगले मार्क पडले की शिष्यवृत्ती मिळते, अशी अनेकांची समजूत असते. राज्याच्या बहुतेक सवलती मुख्यतः कॅप (सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झालेला प्रवेश, उत्पन्न आणि प्रवर्ग पाहून मिळतात. राजर्षी शाहू महाराज योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या त्याच उत्पन्नगटाच्या मुलींना 2024-25 पासून पूर्ण माफी आहे. त्याच कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला यातलं काही लागू नाही, आणि हे पालकांना बहुधा फी भरून झाल्यावर कळतं. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या, 5 टक्के वाढीव जागाही कॅपमधूनच जातात.

एनआयटीचं गणित निराळं. वर्षाला सव्वा लाख ट्यूशन फी. खुल्या प्रवर्गात उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, 5 लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफ, त्यापुढे काहीच नाही. म्हणजे 6 लाख उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला व्हीएनआयटीत पूर्ण फी आणि सीओईपीत निम्मी. त्याची बहीण ईडब्ल्यूएस असेल, तर तिला सीओईपीत ट्यूशन फी शून्य. नाव मोठं म्हणून जेईईच्या मागे लागण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा.

शुद्ध विज्ञानात जायचं असेल तर तिसरीच परीक्षा : आयसरची आयएटी. 60 प्रश्न, चारही विषयांचे 15-15. बायोलॉजी सोडलेली मुलंही ती देतात, फक्त ते 15 प्रश्न जड जातात. निसर आणि मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट. ‘केव्हीपीवायला बसव’ असं सांगणारे मामा-काका अजून भेटतात. ती परीक्षा 2022 मध्ये बंद झाली आणि इन्स्पायर शिष्यवृत्तीत विलीन झाली. बोर्डात अव्वल 1 टक्क्यात असलेल्या आणि बीएस्सी करणाऱ्या मुलांसाठी इन्स्पायरचे वर्षाला 80 हजार आहेत.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, ईडब्ल्यूएस किंवा नॉन-क्रीमीलेअर सेतू केंद्रातून आत्ताच काढायला टाका. निकालानंतर तिथल्या रांगा वाढतात. कॅपचा ऑप्शन फॉर्म कसा भरायचा, ते पुढच्या आठवड्यात.