खगोलशास्त्राच्या अभ्यासाची पहिली पायरी

आकाशदर्शनाची आवड पुष्कळांना असते. परंतु खगोलशास्त्र हा विद्यापीठात शिकावयाचा विषय असून त्याची सुरुवात कशी होते, याची माहिती ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते. मोठी दुर्बीण हाती असल्याखेरीज या शास्त्राकडे वळता येत नाही, असा समज रूढ आहे. वस्तुतः या अभ्यासाची पहिली पायरी मोजमाप ही होय आणि त्याची साधने गणित व भौतिकशास्त्र ही आहेत.

भिंतीवरील सूर्य

अंधाऱ्या खोलीच्या दारास बारीक छिद्र पाडल्यास समोरच्या भिंतीवर सूर्याची गोल प्रतिमा पडते. भिंत ३ मीटर दूर असेल, तर या प्रतिमेचा व्यास सुमारे २.८ सेंटिमीटर भरतो. म्हणजेच अंतराच्या मानाने व्यास सुमारे एकशेसातावा हिस्सा असतो. सूर्य सरासरी १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्यावरून त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर निघतो. सूर्याकडे प्रत्यक्ष न पाहता हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो.

ताऱ्यांचे अंतरही अशाच भूमितीने काढतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे जवळचा तारा सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यास दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. यास ‘पराशय’ म्हणतात. १८३८ मध्ये बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर या रीतीने प्रसिद्ध केले. ते सुमारे ११ प्रकाशवर्षे आहे.

यापुढील पाठ वर्णपटाचा. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशरेषा ठरावीक असतात. १८६८ मध्ये सूर्यप्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा आढळली. ती हेलियमची होती, हे १८९५ मध्ये तो वायू पृथ्वीवर सापडल्यानंतर निश्चित झाले.

पुण्याचा अनुभव

या विषयास महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती चालविली. तेथे २० इंच व्यासाची दुर्बीण होती. मात्र ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली व उपकरणे कोडाईकनालला गेली. एकाच व्यक्तीवर विसंबलेले कार्य त्या व्यक्तीबरोबरच थांबले.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ हे आंतरविद्यापीठीय केंद्र स्थापन केले. डॉ. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक होते. ज्या विद्यापीठांना स्वतःची वेधशाळा उभारणे शक्य नाही, त्यांच्या अध्यापकांना व विद्यार्थ्यांना ग्रंथालय, मार्गदर्शन व निरीक्षणाच्या सोयी एकत्रितपणे मिळाव्यात, हा त्यामागील हेतू होय. केंद्राची २ मीटर व्यासाची दुर्बीण आंबेगाव तालुक्यातील गिरवली येथे आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण असून तीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत.

शिक्षकांचा वाटा

या क्षेत्रात येण्याचा रूढ मार्ग म्हणजे बारावीनंतर भौतिकशास्त्र व गणित घेऊन पदवी आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण. मात्र दहावीनंतर गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्यास हा मार्ग पुन्हा गाठणे कठीण जाते. म्हणून योग्य वेळी मिळालेले मार्गदर्शन मोलाचे ठरते. ज्या शाळेत दुर्बीण नाही, तेथेही दारातील छिद्र आणि मोजपट्टी यांच्या साहाय्याने त्याचा आरंभ होऊ शकतो.