निवारा कागदावर नको, जागेवर हवा

डिसेंबर २००९. दिल्लीत कडाक्याची थंडी, आणि नेमका तेव्हाच पुसा रोडवरचा बेघरांचा तंबू महापालिकेने हटवला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक निवारा हवा, तोही बारमाही नि चोवीस तास उघडा, असा दंडक २०१० मध्ये घातला गेला. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. २०१३ पासून केंद्राची योजना आली. पण पैसा आला म्हणजे छप्पर उभे राहिले, असे थोडेच असते? अखेर २०१६ मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या समितीला सांगितले, की निवारे प्रत्यक्ष जाऊन पाहा आणि पैसा का पडून राहिला, तेही शोधा.