विश्लेषण : नोकरी, व्हिसा आणि घर एकाच खुंटीला… पुणेकर इंजिनीअर राहतात ते अमेरिकेतील कोलंबस कसे चालते?

पुण्यातील अनेक घरांत रविवारच्या व्हिडीओ कॉलवर एक वाक्य ऐकू येते, ‘आई, आम्ही इथे घर घ्यायचं म्हणतोय.’ पलीकडून लगेच प्रश्न येतो, ‘एवढ्याशा गावात? आणि उद्या नोकरी गेली तर?’ न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाबद्दल आपण बरेच वाचतो. मात्र पुण्याच्या शेकडो मेकॅनिकल इंजिनीअरांचा पत्ता असलेल्या इंडियाना राज्यातील कोलंबस या छोट्या शहराबद्दल फारसे बोलले जात नाही. आईचा प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर या गावाच्या रचनेत, अमेरिकी गृहकर्जात आणि व्हिसाच्या नियमांत दडलेले आहे.

हे कोलंबस नेमके कोणते?

ओहायो राज्याची राजधानी असलेले कोलंबस वेगळे, ते लाखोंच्या लोकवस्तीचे महानगर आहे. आपण बोलत आहोत ते इंडियानातील कोलंबस. इंडियानापोलिसपासून दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर, बार्थोलोम्यू काउंटीचे हे मुख्य ठिकाण. २०२० च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या ५०,४७४ आहे, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. शहर संपले की मक्याची आणि सोयाबीनची शेते सुरू होतात. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांचे हे जन्मगाव.

तरीही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असते. एलिएल सारिनेन, त्यांचा मुलगा ईरो सारिनेन, आय. एम. पेई, सेझार पेल्ली अशा दिग्गजांच्या इमारती या छोट्या गावात उभ्या आहेत.

छोट्या गावात एवढे मोठे वास्तुविशारद कसे आले?

याचे उत्तर डिझेल इंजिनात आहे. १९१९ मध्ये क्लेसी कमिन्स यांनी स्थानिक बँकर डब्ल्यू. जी. अर्विन यांच्या पाठबळावर इथे कमिन्स कंपनी सुरू केली. पुढे जे. अर्विन मिलर यांच्या नेतृत्वाखाली ती जगभर पोहोचली. मात्र कंपनी वाढवायची तर उत्तम इंजिनीअर हवेत, आणि त्यांनी शेतांनी वेढलेल्या गावात का यावे, हा प्रश्न होताच.

मिलर यांनी शोधलेला मार्ग साधा होता. आधी गाव राहण्यासारखे करायचे. कमिन्स फाउंडेशनने प्रस्ताव दिला, की सार्वजनिक इमारतीसाठी नामवंत वास्तुविशारद नेमला तर त्याचे शुल्क आम्ही भरू. सुरुवात १९५० च्या दशकात शाळेपासून झाली. नंतर अग्निशमन केंद्रे आणि इतर सार्वजनिक इमारतीही याच पद्धतीने उभ्या राहिल्या. पेई यांचे ग्रंथालय १९६९ मध्ये उभे राहिले.

शाळा चांगली, ग्रंथालय चांगले, म्हणून माणसे येतात. माणसे येतात म्हणून कंपनी चालते. कंपनी चालते म्हणून घरांना मागणी राहते. या गावाचा घरबाजार अशा साखळीवर उभा आहे.

पुण्याशी नाते कसे जुळले?

१९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. तीच पुढे कमिन्स इंडिया झाली. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे कर्वेनगरमधील कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून सुरू आहे. पुण्यात कंपनीचे तंत्रज्ञान केंद्रही आहे. त्यामुळे पुण्यात काम करणारा इंजिनीअर काही वर्षांनी कोलंबसच्या कार्यालयात जातो, हा प्रवास आता अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. काही जण कंपनीअंतर्गत बदलीच्या एल-१ व्हिसावर जातात. काही जण अमेरिकेत एमएस करून एच-१बी व्हिसावर नोकरीला लागतात.

तिथले रोजचे जगणे कसे असते?

पहिला धक्का शांततेचा असतो. गाडीशिवाय पान हलत नाही. कार्यालय मात्र बहुतेकांना काही मिनिटांच्या अंतरावर असते. हिंजवडीची वाहतूक कोंडी सोसलेल्या माणसाला याचे मोल पटकन कळते. संध्याकाळी साडेपाचला घरी आलेला बाबा मुलांच्या वाट्याला येतो, हा छोट्या गावाचा मोठा फायदा.

गावात इंडियन असोसिएशन ऑफ कोलंबस ही भारतीयांची संस्था आहे. सण बहुधा तिथीला न होता जवळच्या शनिवार-रविवारी साजरे होतात. मोठे हिंदू मंदिर हवे असेल तर इंडियानापोलिस गाठावे लागते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘एथ्निक एक्स्पो’ या मेळ्याने वेगवेगळ्या देशांच्या खाद्यपदार्थांना आणि कलांना मुख्य रस्त्यावर आणले.

जुन्या रहिवाशांचे समाजजीवन मात्र बदलते आहे. ईरो सारिनेन यांचे १९६४ मधील नॉर्थ ख्रिश्चन चर्च हे त्याचे बोलके उदाहरण. सदस्यसंख्या घटत गेल्याने २०२२ मध्ये तिथल्या मंडळीची उपासना थांबली. इमारत जगप्रसिद्ध असली तरी ती भरायला माणसे लागतात, हे गावाने जवळून पाहिले.

मग घरे स्वस्त आहेत, की महाग?

न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाच्या तुलनेत मिडवेस्टमधील छोट्या शहरांतील घरे बरीच स्वस्त असतात. अलीकडची मुख्य अडचण आहे ती विक्रीला येणाऱ्या घरांची कमतरता. त्यामागचे कारण समजण्यासाठी अमेरिकी गृहकर्ज समजून घ्यावे लागते.

भारतात बहुतेक गृहकर्जांचा व्याजदर बदलता असतो. रेपो दर वाढला की आपला हप्ता किंवा मुदत वाढते. अमेरिकेत ३० वर्षांचे, पूर्ण मुदतीत एकच व्याजदर असलेले कर्ज सर्वाधिक प्रचलित आहे. जानेवारी २०२१ मध्ये या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्के इतका नीचांकी होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला.

३ लाख डॉलरचे घर घेतले, २० टक्के रक्कम स्वतः भरली आणि २ लाख ४० हजार डॉलरचे कर्ज काढले, असे समजू :

– २.६५ टक्के दराने मासिक हप्ता : सुमारे ९६७ डॉलर
– ७.७९ टक्के दराने मासिक हप्ता : सुमारे १,७२६ डॉलर

घर तेच आणि कर्जही तेवढेच, पण दरमहा सुमारे ७६० डॉलरचा फरक. ज्याच्याकडे जुने स्वस्त कर्ज आहे, तो घर विकेल कशाला? विकले तर ते कर्जही संपते आणि पुढच्या घरासाठी नव्या दराने कर्ज घ्यावे लागते. परिणामी मुले मोठी होऊन बाहेर पडली तरी आईवडील चार खोल्यांच्या घरातच राहतात आणि नव्या कुटुंबाला घर मिळत नाही. इंजिनीअरांच्या जोड पगाराशी स्पर्धा करताना परिचारिका, शिक्षक आणि कारखान्यातील कामगार यांची सर्वाधिक ओढाताण होते.

हप्त्याशिवाय कोणते खर्च असतात?

मालमत्ता कर हा त्यातला मोठा भाग. इंडियानाने २०१० मध्ये मतदारांच्या कौलाने करमर्यादा थेट राज्यघटनेत लिहिली. मालक स्वतः राहत असेल तर घराच्या निर्धारित मूल्याच्या कमाल १ टक्का, भाड्याने दिलेल्या घरावर २ टक्के आणि व्यावसायिक मालमत्तेवर ३ टक्के. (शाळांसाठी मतदारांनी स्वतंत्रपणे मंजूर केलेला कर या मर्यादेबाहेर असतो.) ३ लाख डॉलर मूल्याच्या घरावर राहता मालक वर्षाला जास्तीत जास्त ३ हजार डॉलर भरतो, तर तेच घर भाड्याने दिल्यास मर्यादा ६ हजारांवर जाते. त्यातला काही भार भाड्यात उतरतोच.

याशिवाय घराचा विमा, वसाहतीच्या संस्थेची वर्गणी, गवत कापणे, बर्फ काढणे आणि छताची दुरुस्ती हे खर्चही आलेच.

कोलंबसमध्ये आणखी एक तपासणी महत्त्वाची आहे, ती पुराची. गाव नद्या आणि ओढ्यांच्या काठी वसले आहे. जून २००८ मध्ये आलेल्या पुरात इथले मुख्य रुग्णालयही पाण्यात गेले आणि रुग्णांना तातडीने हलवावे लागले. केंद्र सरकारच्या नकाशानुसार घर उच्च जोखमीच्या पूरक्षेत्रात असेल, तर बहुतेक कर्जांसाठी पूरविमा सक्तीचा असतो. त्यामुळे स्वस्त वाटणारे घर हप्ता, कर आणि विमा मिळून महागात पडू शकते.

व्हिसावर असताना घर घेता येते का?

घेता येते. कर्जही मिळते. मात्र मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या एफएचए हमीचे कर्ज ग्रीन कार्ड नसलेल्या तात्पुरत्या रहिवाशांना बंद झाले आहे. कमी रक्कम भरून घर घेण्याचा हा एक मार्ग होता. आता बँकांचे नेहमीचे कर्ज हाच मुख्य पर्याय उरतो.

खरी जोखीम पुढे आहे. एच-१बी धारकाची नोकरी गेली, तर दुसरी नोकरी शोधण्यासाठी, व्हिसा बदलण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. अमेरिकेत खरेदीदार मिळाल्यानंतरही तपासणी, मूल्यांकन आणि कर्जमंजुरी यांत साधारण महिना ते दीड महिना जातो. म्हणजे घर विकण्याचे घड्याळ आणि व्हिसाचे घड्याळ एकमेकांशी जुळत नाही. भारतात परतल्यावर कुलमुखत्यारपत्राद्वारे घर विकता येते. मात्र विकणारा करदृष्ट्या अनिवासी ठरला, तर खरेदीदाराला किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम करापोटी कापून ठेवावी लागू शकते. हिशेबानंतर जादा रक्कम परत मिळते, पण ती मधल्या काळात अडकते.

ग्रीन कार्ड आले की ही टांगती तलवार हटते. मात्र एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने रोजगारावर आधारित ग्रीन कार्डसाठी भारतीयांना दहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. तेवढा काळ घर घेण्यासाठी थांबायचे, तर मुलांची शाळाच संपते.

कंपनीच अडचणीत आली तर?

मोठ्या महानगरात एक नोकरी गेली तर दुसरी त्याच शहरात मिळू शकते. इथे पर्याय मोजके आहेत. टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना आणि काही जपानी सुटे भाग उत्पादक आहेत, पण गावाचा कणा कमिन्सच. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने जगभरात सुमारे दोन हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते. अशा वेळी धक्का दुहेरी असतो. पगार थांबतो आणि त्याच महिन्यात शेजारचीही घरे विक्रीला लागण्याची शक्यता असते.

मिडवेस्टने याचे टोकाचे रूप आयोवातील न्यूटन शहरात पाहिले आहे. वॉशिंग मशिन बनवणाऱ्या मेटॅग कंपनीचे ते गाव. २००६ मध्ये व्हर्लपूलने मेटॅग विकत घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. नंतर तिथल्या पालिकेला नवे घर घेणाऱ्यांना १० हजार डॉलर देऊ करून माणसे बोलवावी लागली. कोलंबसची स्थिती आज तशी नाही. पण डिझेल इंजिनावर वाढलेल्या गावाला पुढच्या काळातील ऊर्जाबदल दुरून पाहता येणार नाही, हेही खरे.

मग घर घ्यावे, की भाड्याने राहावे?

इथे भावनेपेक्षा गणित उपयोगी पडते. वरच्याच २ लाख ४० हजार डॉलरच्या कर्जाचा दर ६.५ टक्के धरला, तर हप्ता सुमारे १,५१७ डॉलर येतो. तीन वर्षांत साधारण ५४,६०० डॉलर भरले जातात. त्यातून मुद्दल फिटते फक्त सुमारे ८,६०० डॉलर, बाकी सगळे व्याज. घराची किंमत वाढली नाही आणि विकताना दलालीसह ५ टक्के खर्च आला, तर १५ हजार डॉलर जातात. म्हणजे तीन वर्षांत जेवढे घर ‘आपले’ झाले, त्याहून अधिक विक्रीतच गेले.

त्यामुळे निर्णयाआधी हे चार प्रश्न विचारावेत :

– किमान पाच ते सात वर्षे इथेच राहण्याची शक्यता किती?
– पतीपत्नी दोघेही एकाच कंपनीत आहेत का? असल्यास राखीव रक्कम अधिक हवी.
– नोकरी गेल्यास सहा महिन्यांचे हप्ते, कर आणि विमा भरण्याएवढे पैसे बाजूला आहेत का?
– घर पूरक्षेत्रात नाही ना? आणि ते भाड्याने द्यायची वेळ आली तर वाढीव कर धरूनही परवडेल का?

चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर छोट्या गावातील घर हा वेडेपणा ठरत नाही. मुलांची शाळा, पायी जाता येईल असे ग्रंथालय, अडीनडीला किल्ली ठेवून घेणारा शेजारी या गोष्टी कुठल्याच हप्त्याच्या तक्त्यात दिसत नाहीत. मिलर यांनी सत्तर वर्षांपूर्वी पैसे लावले ते याच गोष्टींवर. फक्त माणसे आणणारी आणि माणसांना घालवू शकणारी खुंटी एकच आहे, हे घर घेताना विसरून चालणार नाही. म्हणून रविवारच्या कॉलवर आईने प्रश्न विचारला, तर तो हसण्यावारी नेऊ नये. राखीव रकमेचा आकडा सांगावा.