चिमणी-कावळ्याची गोष्ट आणि प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा

पावसात घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दाराशी येतो, आत घेण्याची विनवणी करतो आणि चिमणी दर वेळी नवी सबब सांगते. पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी ही गोष्ट मुलांना संगणकाचे प्रोग्रामिंग शिकवू शकते, असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. 'स्क्रॅच' ही संगणकभाषा मात्र नेमकी हीच वाट धरते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली ही भाषा २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ती विनामूल्य असून मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. स्क्रॅचमध्ये आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. प्रत्येक आज्ञा म्हणजे एक रंगीत ठोकळा. खाचा जुळल्या तरच तो दुसऱ्याला जोडला जातो. त्यामुळे एखादे विरामचिन्ह राहिले म्हणून सारे काम अडून बसत नाही. चुका होतातच, पण त्या विचारातल्या असतात.

कावळ्याची दोन चित्रे काढायची, एकात पंख वर, दुसऱ्यात खाली. ती आलटून पालटून दाखवली की कावळा उडू लागतो. इथपर्यंत सारे सोपे असते. खरी कसोटी संवाद सुरू झाल्यावर लागते. कावळा दोन सेकंद बोलणार, म्हणून चिमणीला 'दोन सेकंद थांब' अशी आज्ञा द्यावी लागते. मग कावळ्याने चिमणीसाठी थांबायचे. हा हिशेब जमतो न जमतो तोच मुलाला मध्ये आणखी एक वाक्य घालावेसे वाटते आणि पुढचे सगळे वेळापत्रक कोसळते. दोघेही एकदम बोलू लागतात!

यावर स्क्रॅचमध्ये निरोपाचा, म्हणजे 'ब्रॉडकास्ट'चा ठोकळा आहे. कावळ्याने बोलणे संपताच निरोप सोडायचा आणि तो मिळाल्यावरच चिमणीने तोंड उघडायचे. आता कावळा कितीही लांबण लावो, चिमणीचे उत्तर चुकत नाही. घड्याळावर विसंबण्याऐवजी घटनेवर विसंबणे ही मोठमोठ्या संगणकप्रणालींतील मूलभूत कल्पना मुलाला अशी गरजेपोटी सापडते. पाठ्यपुस्तकातून ती इतकी सहज गळी उतरली नसती.

दुसरी फजिती गोष्ट पुन्हा सुरू करताना होते. हिरव्या झेंड्यावर टिचकी मारावी तर कावळा चिमणीच्या घरातच बसलेला! मागच्या वेळी तो तिथे थांबला होता आणि संगणकाने आपणहून त्याला बाहेर नेलेले नसते. प्रत्येक पात्राची सुरुवातीची जागा आणि वेश आधी ठरवून द्यावा लागतो, हे त्यातून कळते. वारंवार येणाऱ्या विनवणीसाठी तेच ठोकळे पुन्हा पुन्हा रचण्याचा कंटाळा आला की आवर्तनाच्या ठोकळ्याचे महत्त्व पटते.

नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख केला आणि पालकांची धावपळ वाढली. पण तयार नमुना पाहून ठोकळे जसेच्या तसे रचणारे मूल फार काही शिकत नाही. दोघे एकदम का बोलले, हे त्याचे त्यालाच शोधू द्यावे. पालकांना तेवढा धीर धरवत नाही, ही खरी अडचण. शिवाय स्क्रॅच येणे म्हणजे पायथॉन येणे नव्हे. टंकित भाषेची शिस्त नंतर वेगळी शिकावीच लागते.

गोष्ट स्वतःची असली की मूल चूक शोधण्याचा कंटाळा करत नाही. काही मुलांना कावळ्याची दया येते आणि त्यांना शेवट बदलावासा वाटतो. त्यासाठी पाहणाऱ्यालाच प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणारा ठोकळा आहे. 'दार उघडायचे का?' या प्रश्नाला 'हो' असे उत्तर आले तर दार उघडते, नाही तर चिमणी आणखी एक सबब सांगते.