रोवणी आटोपली, आता दोन दिवस घराचे

वाचकहो, एक हिशेब करून पाहा. गोंदियाहून नागपूर आगगाडीच्या मार्गाने सुमारे १३० किलोमीटर. सायकलवर टांग टाकून नागपूर गाठले, तिथून तसेच गोंदियाला परतलो आणि न थांबता पुन्हा नागपूर गाठले, तर ३९० किलोमीटर भरतील. एवढे एका दिवसात करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. असे ओळीने बारा दिवस! ऐकूनच पाय भरून आले ना?

पण अशी शर्यत खरोखर आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सायकलने जाण्याची ही शर्यत १९८२ साली सुरू झाली. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ असे तिचे नाव. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. वाटेत वाळवंट लागते, डोंगर लागतात. एकट्याने जाणाऱ्याला बारा दिवसांची मुदत असते आणि घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. जेवण त्यातच, झोपही त्यातच. २०१७ साली आपल्या नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ आणि सैन्यातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ या दोघांनी ही शर्यत एकट्याने, मुदतीच्या आत पुरी केली. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी ती दोघांच्या जोडीने पुरी केली होती.

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? आमची शर्यत तर बांधीतच असते. अगदी खरे! पऱ्हे उपटायचे, पेंढ्या वाहायच्या, चिखल करायचा आणि वाकल्या कमरेने सकाळपासून दिवस मावळेपर्यंत रोवत जायचे. आपले झाले की शेजाऱ्याचे, शेजाऱ्याचे झाले की मजुरीचे. पाऊस उघडला तर जीव टांगणीला, फार झाला तर पऱ्हे बुडण्याची धास्ती. हीसुद्धा घड्याळाशीच शर्यत आहे. फरक एवढाच, की तिच्या शेवटी कोणी हार घालीत नाही.

कधी कधी मात्र दैव हात देते. पाच दिवस धरून ठेवलेले काम, पाऊस आणि माणसे एकदम जुळल्याने, तिसऱ्याच दिवशी आटोपते. निंदण यायला अजून अवकाश असतो. हाती दोन दिवस उरतात. ते कोणी मागितलेले नसतात, कोणत्या पंचांगात लिहिलेले नसतात. या दोन दिवसांचे तुम्ही काय करता, एवढेच आज विचारायचे आहे.

मागून चालणारी माणसे

त्या सायकलच्या शर्यतीतली एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एकट्याने जाणारा म्हणतात खरा, पण तो एकटा कधीच नसतो. त्याच्या मागून मोटारीत त्याची माणसे चालतात. वाट दाखविणे, खाणे-पाणी हातात देणे, सायकल दुरुस्त करणे, डोळ्यावर झापड आली की त्याला बोलते ठेवणे, ही सारी कामे त्यांची. त्यांचीही झोप उडालेली असते. नाव मात्र एकाचेच होते.

आता आपल्या घराकडे पाहा. रोवणीच्या दिवसांत घरात मागून चालणारे कोण होते? पहाटे उठून न्याहारी बांधून देणारी आणि पुन्हा स्वतः बांधीत उतरणारी घरधनीण. नातवंडे सांभाळणारी म्हातारी आजी. गुरे पाहणारे आजोबा. आणि बहुतेक घरांत आणखी एक जण असते, जिचा हिशेब कोणीच धरीत नाही. ती म्हणजे दहा-बारा वर्षांची लेक. आई वावरात म्हणून धाकट्याला सांभाळायला, भात टाकायला ती घरी राहिली. तिची शाळा आठवडाभर बुडाली. वर्गात पुढचे धडे होऊन गेले. ती काही बोलली नाही. पण अशीच मागे पडत गेलेली मुलगी एक दिवस म्हणते, मला शाळेत जायचे नाही. आणि आपण म्हणतो, तिला अभ्यासाची गोडीच नव्हती!

म्हणून शर्यत संपल्यावर जो विसावा मिळतो तो एकट्याचा नव्हे. घरधनी चौकातल्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसला आणि घरधनिणीने ते दोन दिवस साठलेले कपडे धुण्यात घालविले, तर विसावा कोणाला मिळाला? बैलालासुद्धा आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी करतो, पोळ्याला जुंपत नाही. मग माणसाला का विसरावे?

शरीर काय मागते

लांब पल्ला धावणाऱ्यांचा अनुभव असा, की खरे दुखणे शर्यतीच्या दिवशी नसते. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळते. मेहनतीने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते, अंगातली साठवलेली साखर खर्ची पडलेली असते. ती भरून यायला झोप, अन्न, पाणी आणि थोडे दिवस लागतात. पण जाणते धावपटू नुसते अंथरुणाला खिळून राहत नाहीत. ते हळूहळू चालतात, त्याने आखडलेले अंग मोकळे होते.

रोवणीहून आलेल्या शरीराचेही तेच आहे. पहिल्या रात्री घरातल्या प्रत्येकाला पोटभर झोपू द्या. जेवणात भाताबरोबर डाळ, अंडी, मासे, दूध, जे घरी जमेल ते असू द्या आणि ते घरधनिणीच्या ताटातही पडते की नाही ते पाहा. पायांना चिखल्या झाल्या असतील तर पाय स्वच्छ धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तेल लावा. जखमेत पू झाला, किंवा चिखलाच्या दिवसांनंतर ताप भरला, तर अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आणि सांगताना ‘रोवणीला गेलो होतो’ हे आवर्जून सांगा. डॉक्टरांना त्यावरून रोग ओळखायला मदत होते.

दोन दिवस असे जाऊ द्या

यासाठी पैसा लागत नाही. पहिल्या दिवशी चूल पुरुषांनी पेटवावी. भात करपला तर करपू द्या. पोरे खिदळत खातील. या दिवसांत तरोट्याची भाजी बांधाबांधावर उगवलेली असते. लेकरांना बरोबर घेऊन ती खुडायला जा. कोवळी कोणती, जून कोणती हे त्यांना दाखवा. अंग मोकळे होईल आणि संध्याकाळची भाजीही होईल.

दुसऱ्या दिवशी आजोबांना तलावाच्या पाळीवर घेऊन जा. आपला मुलूख तलावांचा. नवेगाव बांधच्या तलावापासून गावोगावच्या लहान बोड्यांपर्यंत किती तरी तलाव आपल्या पूर्वजांनी हाताने माती टाकून उभे केले. कोहळी लोकांचा त्यात मोठा वाटा. ही गोष्ट पाळीवर बसून सांगितली तर लेकरे जन्मभर विसरणार नाहीत. सालेकसा, आमगावकडची मंडळी हाजरा धबधबा पाहून येऊ शकतील. मात्र पावसाळ्यात खडक निसरडे असतात, पाण्याचा जोर कधी वाढेल सांगता येत नाही. तेव्हा लांबूनच पाहावे.

आणि संध्याकाळी दिवा लागला की लेकीचे दप्तर उघडा. तुम्हाला वाचता येत नसले तरी चालेल. तिच्याजवळ बसा आणि म्हणा, “बाई, आमच्यापायी तुझी शाळा बुडाली. कोणता धडा राहिला, ते आम्हाला वाचून दाखव.” दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन गुरुजींना भेटा, राहिलेला अभ्यास विचारून घ्या. यात लाज नाही. लाज असलीच तर न विचारण्यात आहे.

महाजन बंधूंची शर्यत जोडीची होती. जोडीच्या शर्यतीत एक जण सायकल हाणीत असतो तेव्हा दुसऱ्याला पाठ टेकता येते. पाळीपाळीने दोघेही किनाऱ्याला लागतात. संसाराची शर्यत तर बारा दिवसांची नाही, बारा महिन्यांची आहे. निंदण येईल, कापणी येईल, मळणी येईल. तोपर्यंत आलेले हे दोन दिवस टपरीवर, पत्त्यांत, मोबाईलच्या पडद्यात विरघळून जायला वेळ लागत नाही.

उद्या पहाटे नेहमीच्या वेळी जाग येईल. घरधनीण सवयीने उठू लागेल. तिला म्हणा, “नीज थोडी. आज चूल मी पाहतो.” आणि धाकटे पोर डोळे चोळत विचारील, “माय, आज तू वावरात नाही जाणार?” त्याला ‘नाही रे बाळा’ असे उत्तर मिळू द्या. धान आपल्या जागी उभे आहे. दोन दिवस ते तुमच्यावाचून वाढेल. घर मात्र तुमच्यावाचून वाढत नाही.